पुण्यात पंक्चरवाले किती?

कॅम्पस प्लेसमेंटचे दिवस आले की पुण्यातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांत एक तक्रार हमखास ऐकू येते: “मुलाखतीत काहीही विचारतात!” ‘शहरात दुचाकीचं पंक्चर काढणारी दुकानं किती?’ हा त्यातलाच नमुना. याचं एक ठरलेलं उत्तर असतं आणि हुशारांना ते सुचतं, हा समज चुकीचा आहे. खरा आकडा विचारणाऱ्यालाही ठाऊक नसतो.

माहिती नसताना पायरीपायरीने अंदाज बांधायला लावणारे हे फर्मी प्रश्न. 16 जुलै 1945 रोजी, पहिल्या अणुचाचणीच्या वेळी, भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी हातातून कागदाचे कपटे सोडले. धक्क्याने ते सुमारे अडीच मीटर सरकले. तेवढ्यावरून त्यांनी स्फोटाची ताकद 10 हजार टन टीएनटी (एक स्फोटक) इतकी सांगितली. प्रत्यक्षात ती 20 हजार टनांहून जास्त होती. कपट्यांच्या भरवशावर दोन-अडीच पटींचीच चूक!

आता पंक्चर. 2011 च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या 31 लाख होती. आज 40 लाख धरू. दोन माणसांमागे एक दुचाकी, म्हणजे 20 लाख. वर्षाला गाडीमागे एक पंक्चर. एक दुकान दिवसाला किती काढतं? 2 पेक्षा कमी नाही, 30 पेक्षा जास्त नाही. इथे सरासरी 16 घेऊ नका, दहावीतला भूमितीमध्य घ्या: 2 गुणिले 30 म्हणजे 60, त्याचं वर्गमूळ जवळपास 8. दोन्ही टोकांपासून हा आकडा साधारण चौपटीवर आहे, आणि गुणाकार-भागाकारात चूक पटीतच मोजायची असते. वर्षातल्या 300 दिवसांचे 2400. 20 लाख पंक्चरांना 2400 ने भागा. उत्तर: सुमारे 800 दुकानं.

पण चार अंदाज एकावर एक रचले, मग चूक भरमसाट वाढणार नाही का? खरी गंमत इथेच आहे. समजा चारही अंदाज चुकले. प्रत्येकामुळे उत्तर एकतर दुप्पट होतं किंवा निम्मं. एकूण शक्यता 16. चारही चुका एकाच बाजूला झुकल्या तर उत्तर 16 पटींनी चुकेल, पण असं फक्त 2 वेळा घडतं. तीन-एक अशी विभागणी 8 वेळा, तेव्हा चूक चौपटीची. दोन-दोन अशी 6 वेळा, तेव्हा चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि उत्तर बरोबर येतं! 2 आणि 8 दोन्ही बाजूंना निम्मे वाटले की 1, 4, 6, 4, 1 ही ओळ मिळते; ती हलायुधाने दहाव्या शतकात पिंगलाच्या छंदःशास्त्रावरील टीकेत उलगडलेल्या मेरुप्रस्तारातली, म्हणजेच पास्कलच्या त्रिकोणातली. लॉगॅरिदमच्या भाषेत, म्हणजे गुणाकाराची बेरीज करून पाहिलं तर, चुकांचा पसारा अंदाजांच्या संख्येने नाही, तर तिच्या वर्गमुळाने वाढतो. अट एकच: चुका एकमेकींवर अवलंबून नकोत. सगळे अंदाज आपल्याच गल्लीवरून बांधले तर त्या एकाच दिशेला वाहवत जातात.

गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनी 2013 मध्ये सांगून टाकलं की अशा कोड्यांवरून उमेदवार पुढे काम कसं करेल ते कळत नाही. मलाही हे पटतं. निवडीची कसोटी म्हणून ती कच्चीच आहेत. रीत मात्र शिकावी अशी आहे. त्यासाठी ‘हमखास उत्तरांच्या’ पीडीएफ विकत घेऊ नयेत, आणि बुधाच्या पाचूचा तर बुद्धीशी काडीचा संबंध नाही.

उत्तर आलं की दुसऱ्या बाजूने ताडून पाहा. पंक्चरचे 100 रुपये धरले तर दुकानदाराचे दिवसाला 800 रुपये झाले. यात जागेचं भाडं आणि घरखर्च भागेल का? भागत नसेल तर एकतर तो हवा भरून, ट्यूब विकून वरकड कमावतो, किंवा रोजची पंक्चरं 8 हून जास्त आणि दुकानं 800 हून कमी आहेत.