सागरचित्रण (लॅटव्हिया)

समुद्र हाच ज्याचा मुख्य विषय, त्या चित्रप्रकाराला सागरचित्रण म्हणतात. गलबते, बंदर, कोळी, वादळ ही त्याची नेहमीची सोबत. पण नुसते पाणी आणि आकाश असले तरी चालते. लॅटव्हियाला बाल्टिक समुद्राचा सुमारे ५०० किमी. किनारा लाभला आहे. तेथील सागरचित्रकारांत एडुआर्ड्स काल्निन्श (१९०४–८८) हे नाव सर्वांत ठळक.

या प्रकाराची मूळ अडचण सोपी आहे : समुद्र चित्रकारासाठी थांबत नाही. त्यामुळे सागरचित्र बहुधा दोनदा घडते, एकदा पाण्याजवळ आणि एकदा घरात. सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांनी तर ही दोन कामे दोन माणसांत वाटून घेतली होती. विलेम व्हान डे वेल्डे (थोरला) लहान होडीतून आरमाराबरोबर जाई आणि लढाई चालू असताना कागदावर रेखाटने करी. त्याच नावाचा त्याचा मुलगा मागाहून रंग भरी. बापलेक इंग्लंडला गेल्यावर दुसऱ्या चार्ल्सने १६७४ मध्ये दोघांना वर्षाला प्रत्येकी १०० पौंड बांधून दिले : बापाला आरमारी लढायांची रेखाटने करण्याबद्दल आणि मुलाला ती रंगात उतरवण्याबद्दल. राजाच्या हिशेबात दोन्ही कामांची किंमत सारखीच होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

लॅटव्हियाकडे येणारी परंपरा मात्र डच नव्हे, काळ्या समुद्राकडची. त्या काठच्या फिओडोशिया गावचा चित्रकार इव्हान आयवाझोव्स्की (१८१७–१९००) लाटा आठवणीतून रंगवी. धावती लाट समोर बसून रंगवता येत नाही, असे त्याचे मत होते. त्याच्याकडे शिकण्याच्या आशेने आर्खिप कुइंजी नावाचा गरीब मुलगा गेला. त्याच्या वाट्याला रंग घोटणे आणि कुंपण रंगवणे एवढेच आले, असे सांगतात. हाच कुइंजी पुढे सेंट पीटर्झबर्गच्या कला अकादमीत प्राध्यापक झाला. त्याचा लॅटव्हियन विद्यार्थी व्हिल्हेल्म्स पुर्व्हीटिस (१८७२–१९४५) वितळत्या बर्फाचा आणि ओल्या वसंताचा चित्रकार म्हणून गाजला. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या लॅटव्हियाच्या कला अकादमीचा तो पहिला प्रमुख. काल्निन्श हा पुर्व्हीटिसचा विद्यार्थी. गुरूने बर्फात जो करडा रंग शोधला, तो शिष्याने पाण्यात शोधला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

बाल्टिकचे पाणीही वेगळे. कोकणातल्या माणसाला समुद्र म्हटले की भरती-ओहोटी आठवते : पाणी मागे सरलेली पुळण, चिखलात कलंडलेली होडी. लॅटव्हियाच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटी जवळपास जाणवतच नाही. पाणी चढते-उतरते ते मुख्यतः वाऱ्यामुळे. खारेपणा महासागराच्या पाव भागाहूनही कमी असल्याने कडक हिवाळ्यात रीगाचे आखात गोठते. बाल्टिकची सरासरी खोली जेमतेम ५५ मी. आणि वाऱ्याला पळायला जागा तोकडी, म्हणून लाट लांबलचक डुलत येत नाही. आखूड, उभी, एकीच्या पाठीला दुसरी लागलेली अशी येते. अशा लाटेचा माथा पातळ असतो. त्यातून उजेड आरपार गेला की माथ्याशी बाटलीच्या काचेसारखा हिरवट पट्टा उमटतो आणि खालची घळ शिशासारखी काळपट राहते. सागरचित्रात लाट खरी वाटते की साबणाची, हे बहुतेक वेळा त्या हिरव्या पट्ट्याच्या जाडीवर ठरते.

समुद्राला लॅटव्हियन राष्ट्रभावनेतही जागा आहे. क्रिश्यानिस वाल्डेमार्स (१८२५–९१) याने शेतकऱ्यांच्या मुलांनी दर्यावर्दी व्हावे म्हणून चळवळ केली आणि तिच्यातून १८६४ मध्ये आयनाझी येथे नौकानयनाची शाळा निघाली. सोव्हिएट काळात चित्र उलटले. पश्चिम किनाऱ्याचा बराच भाग लष्करी सीमाक्षेत्र बनला. कोणी पळून गेले तर पाऊल उमटलेले दिसावे म्हणून तेथील वाळू संध्याकाळी दाताळ्याने सारखी केली जाई. नुसत्या समुद्राकडे टक लावणे संशयास्पद, पण त्यावर राबणारा माणूस दाखवणे मान्य, असा तो काळ. काल्निन्शच्या चित्रांची नावेच पाहा : ‘तराफेवाले’ (१९३५), ‘नवी शिडे’ (१९४५), ‘अटलांटिकमधील लॅटव्हियन मच्छीमार’ (१९५७). त्यांतले पहिले सोव्हिएट राजवटीच्या आधीचे आहे. कष्टकऱ्यांची ओढ त्याला सरकारने लावलेली नव्हती; सरकारला ती सोयीची पडली.

कॅमेरा आला तेव्हा सागरचित्रकाराची अडचण संपायला हवी होती. ती संपली नाही. त्या काळी छायाचित्रासाठी काचेला कलोडियन हा चिकट, प्रकाशाला संवेदनशील केलेला लेप देऊन ती ओली असतानाच वापरत; अशा काचेवर निळा उजेड फार लवकर उमटे, त्यामुळे पाणी नीट येईपर्यंत आकाश कोरे होऊन जाई. फ्रेंच छायाचित्रकार ग्युस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची एक व ढगांची दुसरी अशा दोन काचा घेऊन त्या क्षितिजाशी सांधून एकाच कागदावर छापल्या. म्हणजे छायाचित्रालाही समुद्र दोनदा करावा लागला. लॅटव्हियाची राजधानी रीगा हिच्यापुरते सांगायचे तर मुठीत मावणारा मिनॉक्स कॅमेरा येथलाच. वॉल्टर झाप याने त्याची रचना केली आणि १९३८ पासून तो रीगाच्या व्हीईएफ कारखान्यात तयार होऊ लागला. त्याची निगेटिव्ह अवघी ८ × ११ मिमी. पुढे हेरांचा कॅमेरा म्हणून तो प्रसिद्ध झाला. पण ज्याचे दोन्ही हात दोरखंडात गुंतले आहेत, त्यालाही खिशातला कॅमेरा सोयीचाच.

एकाच सागरचित्रकाराची तैलचित्रे आणि छायाचित्रे शेजारी मांडणे हे दालनाच्या दृष्टीने कटकटीचे काम आहे. तैलचित्रांवर २०० लक्सपर्यंत (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) उजेड चालतो. जुन्या छायाचित्रांना मात्र साधारण ५० लक्सच झेपतो; त्याहून अधिक उजेडाने ती फिकी पडतात. उजळ कॅनव्हासवरून नजर वळवली की शेजारचे छायाचित्र काळे दिसते आणि डोळे सरावायला काही मिनिटे लागतात. म्हणून अनेकदा छायाचित्रांना वेगळी, मंद उजेडाची खोली देतात, किंवा प्रेक्षकाला हळूहळू कमी होत जाणाऱ्या उजेडातून तिकडे नेतात.

आणखी एक पेच टांगण्याचा. चौकटीचा मध्य जमिनीपासून साधारण दीड मीटरवर ठेवण्याची पद्धत आहे. पण सागरचित्रात क्षितिज कधी वर असते, कधी अगदी खाली : उंच कड्यावरून पाहिले तर वर, होडीत बसून पाहिले तर खाली. चौकटी जुळवल्या की भिंतीवरचा समुद्र चित्रागणिक वरखाली होतो. क्षितिजे जुळवली की चौकटी वाकड्यातिकड्या दिसतात. बहुतेक दालने चौकटीच जुळवतात.