कॅरॅव्हॅनमधला येता-जाता बिघाड कसा शोधावा

कोल्हापुरातून गगनबावड्याकडे किंवा राधानगरीमार्गे फोंडा घाटाकडे कॅरॅव्हॅन घेऊन जाणाऱ्यांकडून एक तक्रार हमखास ऐकायला मिळते. मुक्कामावर पहाटे फ्रीज बंद पडतो, पाण्याचा पंप मध्येच रेंगाळतो, दिवे मिणमिणतात. आणि परत आल्यावर गाडी गॅरेजच्या दारात उभी केली की सगळे सुरळीत चालू असते. मेकॅनिकला बिघाड दिसत नाही, त्यामुळे दुरुस्ती अंदाजाने होते आणि अंदाजाने बदललेला भाग बहुतेक वेळा निर्दोष निघतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. हे चाकांवरचे घर ज्यांना बांधून घ्यायचे आहे किंवा ज्यांच्या दारात ते उभे आहे, त्यांनी या येत्या-जात्या बिघाडामागचे विज्ञान समजून घेतले, तर बराच खर्च आणि थोडा धोकाही टळेल.

अशा बिघाडाला लोक ‘लूज कॉन्टॅक्ट’ म्हणतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असते. मात्र तो सांधा नेमका कुठे आहे आणि ठरावीक वेळीच का दगा देतो, हे शोधण्याची शिस्त आपल्याकडे कमी आढळते. सांध्याचा विद्युतरोध तापमान, हादरे, दमटपणा आणि त्यातून वाहणारा करंट यांच्यानुसार कमी-जास्त होत असतो. दुसऱ्या बाजूला, प्रत्येक उपकरणाला चालण्यासाठी किमान काही व्होल्टेज लागतेच. त्या मर्यादेच्या वर असेपर्यंत उपकरण ठणठणीत दिसते आणि खाली गेले की बंद पडते. म्हणून बिघाड कोणत्या भागात आहे, या प्रश्नाआधी तो कोणत्या परिस्थितीत उद्भवतो, हा प्रश्न विचारला पाहिजे.

कॅरॅव्हॅनमध्ये विजेच्या दोन व्यवस्था शेजारीशेजारी नांदतात. एक १२ व्होल्टची डीसी, जी कॅरॅव्हॅनमधल्या बॅटरीवर चालते, आणि दुसरी २३० व्होल्टची एसी, जी मुक्कामाच्या ठिकाणच्या सॉकेटमधून किंवा इन्व्हर्टरमधून मिळते. घरच्या वायरिंगची सवय असलेला चांगला वायरमनही पहिल्या व्यवस्थेत फसू शकतो, आणि त्याचे कारण साध्या गणितात आहे. ६० वॅटच्या उपकरणाला २३० व्होल्टवर जेमतेम पाव अँपिअर करंट लागतो. तेच उपकरण १२ व्होल्टवर ५ अँपिअर ओढते. वाटेतल्या एखाद्या सांध्याचा रोध ०.१२ ओहम असेल, तर ओहमच्या नियमानुसार २३० व्होल्टच्या तारेत त्यामुळे ०.०३ व्होल्टची घट होते, जी कोणाच्या लक्षातही येत नाही. १२ व्होल्टच्या तारेत मात्र ०.६ व्होल्ट, म्हणजे एकूण व्होल्टेजचा विसावा हिस्सा, त्या एकाच सांध्यात खर्ची पडतो. घरात वर्षानुवर्षे खपून जाणारा सांधा कॅरॅव्हॅनमध्ये खपत नाही.

सांधा खराब होतो म्हणजे काय, हेही पाहण्यासारखे आहे. धातूचे दोन पृष्ठभाग बोल्टने घट्ट आवळले, तरी सूक्ष्म पातळीवर ते मोजक्या उंचवट्यांवरच एकमेकांना टेकतात आणि सगळा करंट त्या थोड्या ठिपक्यांतून जातो. विद्युत संपर्कांचा पायाभूत अभ्यास करणारे स्वीडिश संशोधक रॅग्नर होल्म यांनी विसाव्या शतकात या ठिपक्यांचे गणित मांडले. गाडी घाटरस्त्याने हादरत जाते, तेव्हा हे पृष्ठभाग एकमेकांवर काही मायक्रोमीटर घासत राहतात. त्यातून सुटलेल्या बारीक कणांचे ऑक्साइड बनते आणि तेच कण पुन्हा सांध्यात अडकून वाट अडवतात. गगनबावडा परिसरातला धुवांधार पाऊस, चार महिने न हटणारा दमटपणा आणि घाट उतरल्यावर कोकण किनाऱ्यावरची खारी हवा या तिन्हींची त्यात भर पडते. तांब्याच्या थिंबलवर (तारेच्या टोकाला बसवलेल्या कडीवर) हिरवट थर आणि चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या, बोल्टखाली तांबेरा दिसू लागतो, तोवर ही प्रक्रिया बरीच पुढे गेलेली असते.

परिचयातल्या एका कुटुंबाच्या, जीपमागे ओढायच्या कॅरॅव्हॅनची तपासणी जवळून पाहता आली. तक्रार अशी की फ्रीज पहाटेच बंद पडतो. एका दुरुस्ती केंद्रात फ्रीजचे इलेक्ट्रॉनिक कार्ड बदलून झाले होते, त्यानंतर काही दिवस तो नीट चालला आणि पुन्हा बंद पडू लागला. आता फ्रीजच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावला, तेव्हा कॉम्प्रेसर बंद असताना १२.४ व्होल्ट दिसले. कॉम्प्रेसर चालू होऊन ५ अँपिअर करंट वाहू लागला आणि आकडा ११.३ वर आला, पण फ्रीज चालूच राहिला. मग बेसिनचा नळ सोडला. पंप घरघरला, त्याने आणखी ७ अँपिअर ओढले, फ्रीजचे व्होल्टेज १०.३ वर घसरले आणि कॉम्प्रेसर थांबला. १२ व्होल्टवर चालणाऱ्या अशा फ्रीजमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी कमी व्होल्टेजला आपोआप बंद होण्याची सोय असते. या फ्रीजमध्ये ती मर्यादा साडेदहा व्होल्टच्या जवळपास होती. कार्ड आपले काम चोख करत होते. पहाटे घरातली माणसे उठतात आणि नळ सुरू होतात, शिवाय रात्रभर वापरलेली बॅटरीही तेव्हा थोडी उतरलेली असते, एवढाच त्या वेळेचा अर्थ होता. पंप थांबला की थोड्या वेळाने फ्रीज आपणहून चालूही होत असे, त्यामुळे नळ आणि फ्रीज यांचा संबंध कोणाच्या ध्यानात आला नव्हता.

उरलेला शोध पायरीपायरीने झाला. दोन्ही उपकरणे चालू ठेवून मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरी फ्रीजच्या पॉझिटिव्हवर ठेवली, तर फ्यूजसकट सगळ्या तारेत ०.३ व्होल्टची घट दिसली, जी चालण्यासारखी होती. तीच कृती निगेटिव्ह बाजूला केली, तेव्हा १.४ व्होल्टहून अधिक घट आढळली. सुई एकेक सांधा पुढे सरकवत गेल्यावर जवळजवळ सगळी घट एकाच ठिकाणी, चॅसीला अर्थ दिलेल्या बोल्टवर सापडली. फ्रीज आणि पंप या दोघांचाही परतीचा, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारा, करंट तिथून जात होता आणि थिंबल रंगवलेल्या पत्र्यावर तशीच आवळली होती. १२ अँपिअर करंट आणि ०.१२ ओहम रोध म्हणजे त्या सांध्यात सुमारे १७ वॅट उष्णता, जवळपास छोट्या सोल्डरिंग आयर्नइतकी. लाकडी कपाटामागे दडलेला असा सांधा फ्रीज बंद पाडण्यापेक्षा कितीतरी अधिक नुकसान करू शकतो. रंग आणि गंज खरवडून उघड्या लोखंडावर कलई केलेली नवी थिंबल थेट टेकवली, वॉशर तिच्या वरच्या बाजूला घेऊन बोल्ट आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. त्यानंतर त्याच भाराखाली तिथली घट नगण्य उरली.

या पद्धतीत सर्वांत महत्त्वाची अट एकच आहे: मोजमाप उपकरण चालू असताना व्हावे. डिजिटल मल्टिमीटरचा अंतर्गत रोध साधारणपणे १ कोटी ओहम असतो, म्हणजे मोजताना तो अत्यल्प करंट घेतो. आणि करंटच नसेल, तर कुजक्या सांध्यातही घट होत नाही. एकाच तंतूवर लोंबणारी तारही अशा वेळी पूर्ण १२.४ व्होल्ट दाखवते. ‘सप्लाय येतोय’ हे गॅरेजमधले वाक्य खरे असते, पण ते विश्रांतीतल्या तारेबद्दल असते. शिवाय पंपाची मोटर सुरू होण्याच्या क्षणी चालू भाराच्या कितीतरी पट करंट ओढते आणि साधा मीटर सेकंदाला दोन-चार वेळाच आकडा बदलतो, त्यामुळे तो क्षणिक खड्डा निसटून जातो. किमान मूल्य धरून ठेवण्याची सोय असलेला मीटर येथे फार उपयोगी पडतो.

फ्रीजचे कार्ड बदलल्यावर काही दिवस बरे का वाटले, याचे एक उत्तर दुरुस्तीच्या क्रियेतच आहे. भाग बदलताना कनेक्टर काढून पुन्हा बसवले जातात, तारा हलतात, जवळचे स्क्रू आवळले जातात. या घासण्याने संपर्काच्या ठिपक्यांवरचा थर पुसला जातो आणि एकूण घट थोडी कमी होऊन उपकरण मर्यादेच्या वर तरंगू लागते. श्रेय नव्या भागाला मिळते. काही दिवसांच्या हादऱ्यांनी थर पुन्हा साचला की बिघाड परत येतो आणि मग दुसरा भाग संशयित ठरतो. माझ्या मते कॅरॅव्हॅनवाल्यांचा सर्वाधिक पैसा वाया जातो तो इथेच. म्हणूनच काहीही उघडण्याआधी, सगळे जसेच्या तसे असताना, मोजमाप घ्यावे आणि नंतरही एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

बिघाडाची वेळ हा मोठा पुरावा असतो. उपकरण ठरावीक मिनिटे चालून थांबते, तितक्याच वेळाने पुन्हा सुरू होते आणि हे चक्र घड्याळासारखे चालते, तेव्हा उष्णतेवर संशय घ्यावा: बंद कपाटात कोंडलेला इन्व्हर्टर, मागे हवा खेळायला जागा नसलेला फ्रीज किंवा तापल्यावर स्वतःहून तुटणारा आणि थंड झाल्यावर स्वतःहून जुळणारा ब्रेकर. केवळ खडबडीत रस्त्यावर येणारा बिघाड हादऱ्यांचा, म्हणजे कनेक्टर, फ्यूज-होल्डर किंवा बिजागरीपाशी वाकून तुटलेल्या तारेचा असतो. अर्थ तुटल्याची एक खूण तर ऊस हंगामात आपल्याकडच्या रस्त्यांवर रोज दिसते: ट्रॅक्टरचालक ब्रेक दाबतो आणि ट्रॉलीचे इंडिकेटरही मंद उजळतात. ब्रेकच्या दिव्याचा परतीचा मार्ग तुटलेला असतो, म्हणून करंट शेजारच्या दिव्यांतून उलटा मार्ग काढतो. कॅरॅव्हॅनला जीपशी जोडणाऱ्या सात पिनांच्या सॉकेटमध्ये हेच घडते, आणि अशा वेळी बल्ब बदलत बसण्यापेक्षा अर्थची पिन स्वच्छ करणे शहाणपणाचे.

दमटपणाचा बिघाड २३० व्होल्टच्या बाजूला वेगळ्या रूपात येतो. पावसाळाभर न वापरलेला गिझर लावताच आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, ट्रिप होतो. गिझरच्या कॉइलमध्ये तापणारी तार आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली असते आणि नळीच्या टोकाचे सील कमकुवत झाले की ती भुकटी हवेतला ओलावा शोषून घेते. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या गळतीला सर्किट तोडतो. २३० व्होल्टवर एवढ्या गळतीसाठी रोध साडेसात-आठ हजार ओहमपर्यंत उतरणे पुरेसे असते. कोरड्या दिवसांत हीच कॉइल निर्दोष भासते, म्हणून काही जण आरसीसीबीलाच दोष देऊन तो बाजूला काढतात. हे कदापि करू नये. धातूच्या पत्र्याचे घर, ओली जमीन आणि अनवाणी पाय एकत्र आले की ते सर्किट तोडणारे दुसरे काहीही उरत नाही. अशी कॉइल जाणकार वायरमनकडून इन्सुलेशन टेस्टरवर तपासून घ्यावी आणि शंका असेल तर बदलावी.

काही वेळा विजेचा दोषच नसतो. बाहेरून आणलेल्या जुन्या कॅरॅव्हॅनमध्ये गॅस, १२ व्होल्ट आणि २३० व्होल्ट अशा तिन्हींवर चालणारा शोषण पद्धतीचा फ्रीज आढळतो. स्टॉकहोममधील तरुण अभियंते बाल्त्सार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स यांनी १९२२ मध्ये शोधलेल्या या यंत्रात कॉम्प्रेसर नसतो. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांचे अभिसरण उष्णता आणि गुरुत्वाकर्षण यांच्या जोरावर होते. पन्हाळ्याच्या एखाद्या उतारावर गाडी तिरकी उभी राहिली, तर द्रव नळीत ठरलेल्या वाटेने उतरत नाही आणि गारवा थांबतो. सपाटीवर आणल्यावर तोच फ्रीज काही तासांत पूर्ववत होतो.

नवी कॅरॅव्हॅन बांधून घेणाऱ्यांनी तारेकडे बारकाईने पाहावे. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.००७ ओहम असतो. बॅटरीपासून ६ मीटर दूरच्या फ्रीजसाठी जाऊन-येऊन १२ मीटर तार धरली, तर ५ अँपिअरला ०.४ व्होल्ट वाटेतच जातात. म्हणून लांबच्या उपकरणाला जाड तार हवी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची स्वस्त तारही मिळते. तिचा तंतू चाकूने खरवडला की आतून पांढरा निघतो, आणि तिचा रोध अस्सल तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो. थिंबल पकडीने चेपण्यापेक्षा योग्य मापाच्या क्रिम्पिंग टूलने दाबून घ्यावी. तारेला नुसता डाक मारला, तर कथील तंतूंमध्ये वर चढून तार कडक होते आणि हादऱ्यांत नेमकी त्या कडेला तुटते. उद्यमनगरात आणि शिरोली औद्योगिक वसाहतीत धातूचे काम करणारे इतके कसबी हात आहेत की हे सगळे कोल्हापुरात उत्तम दर्जाने होऊ शकते. मागणी करणाऱ्याने काय मागायचे ते माहीत असायला हवे.

गाडी ताब्यात घेतानाच प्रत्येक उपकरण एकेकटे आणि मग सगळी एकत्र चालू करून बॅटरीवरचे आणि उपकरणाच्या टर्मिनलवरचे व्होल्टेज लिहून ठेवावे. १२ व्होल्टच्या व्यवस्थेत दोन्ही आकड्यांतला फरक पूर्ण भाराखाली ०.३ ते ०.४ व्होल्टच्या आत राखता येतो. दर पावसाळ्यानंतर तेच आकडे पुन्हा घेतले, तर कोणता सांधा खराब होऊ लागला आहे हे फ्रीज बंद पडण्याच्या कितीतरी आधी कळते, आणि तेव्हा पाना, पॉलिश पेपर आणि एखादी नवी थिंबल एवढ्या सामानावर काम भागते.