काउंट वाढलाय: धावल्यामुळे की इन्फेक्शनमुळे?

सीबीसीच्या (रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीच्या) रिपोर्टमध्ये डब्ल्यूबीसीसमोर, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या संख्येसमोर, १४,००० हा आकडा ठळक छापून आला की घरात लगेच ठरतं, "इन्फेक्शन आहे." मोठ्या माणसाचा काउंट साधारण ४,००० ते ११,००० असतो, त्यामुळे शंका येणारच. पण तो माणूस चांगला दमून, धावून येऊन थेट लॅबच्या खुर्चीत बसला असेल, तर ठणठणीत शरीरातही एवढा काउंट दिसू शकतो. राल्फ लॅराबी या अमेरिकी डॉक्टरांनी बॉस्टन मॅरेथॉनच्या धावपटूंचं रक्त तपासून १९०२ मध्येच नोंदवलं होतं की शर्यतीनंतर पांढऱ्या पेशी वाढतात आणि हे चित्र काही आजारांतल्या चित्रासारखं असतं.

वाढ सारखीच दिसली, तरी वाढलेल्या पेशी आल्या कुठून हे पाहिलं की फरक कळतो.

न्यूट्रोफिल म्हणजे जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. रक्तवाहिन्यांमधले जवळजवळ निम्मे न्यूट्रोफिल प्रवाहात नसतातच. फुप्फुसं, यकृत, प्लीहा इथल्या बारीक वाहिन्यांच्या भिंतींना ते चिकटून असतात आणि दंडातून काढलेल्या रक्तात मोजले जात नाहीत. व्यायाम सुरू झाला की रक्ताचा जोर वाढतो, अ‍ॅड्रेनॅलिन वाढतं आणि या पेशी सुटून प्रवाहात येतात. डेपोत उभ्या असलेल्या एसटी रस्त्यावर आल्या, म्हणून महामंडळाच्या गाड्या वाढल्या असं होत नाही. सगळ्यात जास्त उसळी घेतात त्या एनके ('नॅचरल किलर', म्हणजे विषाणूबाधित पेशी मारणाऱ्या) पांढऱ्या पेशी. अ‍ॅड्रेनॅलिनला प्रतिसाद देणारे बीटा-२ रिसेप्टर त्यांच्यावर भरपूर असतात, त्यामुळे जोरदार व्यायामात काही मिनिटांतच रक्तातली त्यांची संख्या कित्येक पट होते.

थांबल्यावरचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तिथेच लोक घाबरतात. तास-दोन तासांत लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा दुसरा मोठा गट, एनके पेशी यातल्याच) मूळ पातळीच्याही खाली जातात. यावरून "व्यायामाने प्रतिकारशक्ती घटते" असं अनेक वर्षं सांगितलं गेलं. पण उंदरांमध्ये खूण केलेल्या पेशींचा माग काढला, तेव्हा त्या फुप्फुसांत, अस्थिमज्जेत आणि आतड्याच्या लसीकाभ ऊतींत (प्रतिकारपेशी जिथे वस्तीला असतात तिथे) सापडल्या. म्हणजे रक्तात कमी झालेल्या पेशींपैकी बऱ्याचशा मेलेल्या नसतात, दुसरीकडे गेलेल्या असतात. न्यूट्रोफिल मात्र लांब पल्ल्याच्या धावेनंतर कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकामुळे काही तास चढेच राहतात. बहुतेक वेळा दिवसभरात सगळं जागेवर येतं.

जिवाणूंच्या संसर्गात अस्थिमज्जेला खरोखरच जादा उत्पादनाचा हुकूम जातो. सायटोकाइन आणि जी-सीएसएफ हे संदेश तिथे पोहोचतात आणि मागणी इतकी वाढते की पुरत्या तयार न झालेल्या पेशीही बाहेर ढकलल्या जातात. सूक्ष्मदर्शकाखाली, रक्ताच्या काचपट्टीवर हे डोळ्यांनी दिसतं. पिकलेल्या न्यूट्रोफिलचं केंद्रक बारीक धाग्यांनी जोडलेल्या तीन-चार खंडांचं असतं. कच्च्या 'बँड' पेशीत ते घोड्याच्या नालासारखं, सलग वळलेलं असतं. जोडीला पेशीत गडद, भरड कण दिसले, तर संशय पक्का होत जातो. रिपोर्टमध्ये 'शिफ्ट टू लेफ्ट' लिहितात ते याच कच्च्या पेशींबद्दल.

तरी एका खुणेवर विसंबू नये. मॅरेथॉननंतरही थोडे बँड दिसू शकतात आणि दुसऱ्या दिवशी सीआरपी हे दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिनसुद्धा वाढलेलं असू शकतं. अशा वेळी मला सगळ्यात भरवशाची वाटते ती वेळ. ताप नाही, खोकला नाही, लघवीला जळजळ नाही, फक्त काउंट चढलाय आणि आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी जोरदार व्यायाम झालाय, तर एक-दोन दिवस विश्रांती घेऊन, डॉक्टरांना विचारून सीबीसी पुन्हा करावी. व्यायामाने वाढलेला काउंट उतरलेला असतो. नुसत्या एका आकड्यावर अँटिबायोटिक सुरू करणं मला अजिबात पटत नाही. थंडी वाजून ताप, धाप किंवा ग्लानी असेल, तर मात्र पुन्हा तपासणीची वाट पाहत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

उलट बाजूही तितकीच फसवी आहे. डेंग्यू आणि टायफॉइडमध्ये काउंट अनेकदा ४,००० च्याही खाली जातो. त्यामुळे पावसाळ्यात ताप असताना "काउंट वाढलेला नाही, म्हणजे इन्फेक्शन नाही" असं म्हणून धावायला जाणं चुकीचंच.