पार्श्वभूमी : एव्हरेस्टवर मागे फिरायचं कोण ठरवतं?

१० मे १९९६ च्या एव्हरेस्टवरच्या दुर्घटनेबद्दल बोलताना सगळे वादळापाशी थांबतात. खरा वाद त्याआधीच्या दुपारचा आहे.

साउथ कोलहून, म्हणजे शिखराखालच्या शेवटच्या तळावरून, मध्यरात्रीच्या सुमारास निघालेल्या एका व्यावसायिक मोहिमेत पैसे भरून आलेल्या प्रत्येक ग्राहकाच्या वाट्याला ऑक्सिजनचे तीन सिलिंडर होते. एक सिलिंडर पाच ते सहा तास पुरतो. दिवस मावळायच्या आत साठा संपणार, हे निघतानाच स्पष्ट होतं. म्हणून ‘टर्नअराउंड टाइम’: दुपारी एक, फार तर दोन, त्या वेळी जिथे असाल तिथून खाली. पण एक की दोन? नेत्याने दोन्ही वेळांचा उल्लेख केला होता, नक्की कोणती पाळायची ते कधी जाहीर केलं नाही, असं बचावलेल्या एका सदस्याने लिहून ठेवलं आहे. मला हीच त्या दिवसातली सर्वांत मोठी चूक वाटते. आठ हजार मीटरच्या वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश असतो आणि विचारशक्ती मंदावलेली असते. तिथे नव्याने विचार करायची पाळीच येऊ नये, एवढ्यासाठी ती वेळ असते.

वरच्या टप्प्यांवर दोर आधी बांधलेले नव्हते, माणसं ताटकळली. साडेअकराच्या सुमारास काही ग्राहक आपणहून फिरले आणि ते वाचले. बाकीचे चढत राहिले. दोन वाजून गेल्यावरही शिखरावर माणसं पोहोचत होती. एक ग्राहक तर चारच्या सुमारास पोहोचला. त्याला आदल्या वर्षी याच नेत्याने शिखराच्या अगदी जवळून परत आणलं होतं आणि पुन्हा यायला राजीही त्यानेच केलं होतं. दुसऱ्यांदा ‘फिर’ म्हणणं नेत्याला जमलं नसावं. दोघेही उतरू शकले नाहीत. त्या वादळात आठ जण गेले. त्यांतले तिघे उत्तरेच्या बाजूने चढणारे भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे जवान होते.

त्याआधीच्या काळात ठरवणारा आणि चढणारा एकच असे. २६ मे १९५३ ला ब्रिटिश मोहिमेची पहिली जोडी दुपारी एकच्या सुमारास दक्षिण शिखरावर पोहोचली. वर सुमारे शंभर मीटर उरले होते, पण ऑक्सिजनची उपकरणं त्रास देत होती. ते फिरले. तीन दिवसांनी दुसऱ्या जोडीने शिखर गाठलं. नव्वदच्या दशकात मात्र ग्राहक आले. १९९६ मध्ये एका जागेचा दर ६५ हजार डॉलरपर्यंत होता.

ठरावीक वेळेवर आक्षेप घेणारे अनुभवी मार्गदर्शकही आहेत. माणसाचा वेग, उरलेला ऑक्सिजन आणि हवामान पाहून ठरवावं, असं ते म्हणतात. त्यात तथ्य आहे. आता अंदाज नेमके झालेत, सिलिंडर वाढलेत, कित्येक जण रात्री आठ-नऊलाच निघतात. पण नेमक्या अंदाजामुळेच सगळे त्याच दोन-तीन दिवसांवर तुटून पडतात. २०१९ मध्ये नेपाळने ३८१ परमिटं दिली आणि २२ मेच्या आसपास शिखराखाली रांग लागली. रांगेत मागे फिरायचं तर त्याच दोरावरून, समोरून येणाऱ्यांना ओलांडत उतरावं लागतं. त्या मोसमातल्या मृतांत महाराष्ट्रातले दोघे होते.

आज ग्राहकासोबत शेवटपर्यंत असतो तो शेर्पा. कोण ढासळतोय हे त्यालाच आधी दिसतं. पण तो नोकरीवर असतो, ग्राहक शिखरावर पोहोचला तर त्याला बोनस मिळतो, आणि ऐकणं न ऐकणं ग्राहकाच्या हातात. मे २०२३ मध्ये साउथ कोल आणि शिखराच्या मधल्या ‘बाल्कनी’ नावाच्या टप्प्याच्या परिसरात एक मलेशियन गिर्यारोहक मरणाच्या दारात असलेला एका शेर्पाला दिसला. त्याला पाठीवर घेऊन उतरायचं, तर शेर्पाला आधी आपल्या ग्राहकाला शिखर सोडायला राजी करावं लागलं. ग्राहक तयार झाला, म्हणून मलेशियन वाचला.