औषध थेट हाडापाशी: सिमेंट, मणी आणि पावडरची पार्श्वभूमी

हाड फुटते तेव्हा भोवतालचा रक्तपुरवठाही बिघडतो, त्यामुळे शिरेतून दिलेले अँटिबायोटिक नेमके तिथेच कमी पोहोचते. हाड जोडणाऱ्या धातूच्या प्लेटवर किंवा कृत्रिम सांध्यावर जंतूंची बायोफिल्म, म्हणजे त्यांचा चिकट थर, बसली, की त्यांना मारायला कितीतरी पट मात्रा लागते. तेवढी रक्तातून दिली, तर मूत्रपिंडाला आणि कानाला इजा होण्याची भीती.

औषध जागेवरच ठेवण्याचा विचार तसा जुना. जर्मनीत ड्रीसमन यांनी १८९२ मध्ये कार्बोलिक ॲसिड घातलेल्या प्लास्टर ऑफ पॅरिसने हाडातल्या पोकळ्या भरल्याची नोंद केली. खरे वळण मात्र १९७० चे. हॅम्बुर्गच्या बुखहोल्त्स आणि एंगेलब्रेख्त यांनी बोन सिमेंटमध्ये, म्हणजे कृत्रिम सांधा हाडात घट्ट बसवणाऱ्या लुकणात, जेंटामायसिन हे अँटिबायोटिक मिसळले. सिमेंट घट्ट होताना चांगलेच तापते. ती उष्णता जेंटामायसिन सोसते आणि पाण्यातही सहज विरघळते.

चुका होतात त्या औषध सिमेंटमध्ये मिसळतानाच. सांधा बसवायचा असेल, तर ४० ग्रॅम सिमेंटमागे साधारण १ ग्रॅम औषध. जास्त घातले तर सिमेंटची ताकद घटते. संसर्ग झालेला सांधा काढून त्या जागी बसवलेला सिमेंटचा ठोकळा (स्पेसर) तात्पुरता असतो, म्हणून त्यात ४ ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक चालते. औषध पावडरच हवे. इंजेक्शनचे द्रव जेंटामायसिन ओतले की सिमेंट कमकुवत होते. व्हॅक्युम मिक्सिंगने, म्हणजे हवा काढून सिमेंट कालवल्याने, छिद्रे कमी होऊन मजबुती वाढते, पण औषध झिरपते ते पृष्ठभागातून आणि छिद्रांतूनच. पहिले काही दिवस भरपूर, मग थेंबथेंब. बरेचसे आतच अडकून राहते. नंतरची ही तुटपुंजी मात्राच प्रतिरोधक जंतूंना वाव देते.

पृष्ठभाग वाढावा म्हणून फ्रँकफर्टच्या क्लेम यांनी १९७० च्या दशकात तारेत ओवलेले मणी आणले: ७ मिलिमीटरचा मणी, प्रत्येकात ७.५ मिलिग्रॅम जेंटामायसिन सल्फेट. आपल्याकडे अनेक ऑपरेशन थिएटरांत सिमेंट आणि स्टीलच्या तारेपासून असे मणी हातानेच वळतात. ते वेळेवर काढायला हवेत. उशीर झाला, की भोवती घट्ट ऊतक धरते आणि ओढताना तार तुटते. कॅल्शियम सल्फेटचे मणी आपोआप विरघळतात. मात्र जखमेतून पाझरणारे पाणी पाहून संसर्गाचा गैरसमज होतो.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत गुडघ्याजवळच्या आणि घोट्याजवळच्या नडगीच्या जोखमीच्या फ्रॅक्चरमध्ये जखम शिवण्यापूर्वी व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकची १ ग्रॅम पावडर टाकली. सहा महिन्यांत खोल संसर्ग पावडर न टाकलेल्यांतील ९.८ टक्क्यांऐवजी ६.४ टक्के आढळला. जंतूंचे ग्रॅम-पॉझिटिव्ह आणि ग्रॅम-निगेटिव्ह असे दोन मोठे गट; फायदा पहिल्या गटापुरताच होता. ग्रॅम-निगेटिव्हवर व्हँकोमायसिन चालतच नाही.