पिसे सैल करणारे गरम पाणी
कोंबडीचे पीस त्वचेवर नुसते चिकटलेले नसते. त्वचेत खोलवर गेलेल्या नळीसारख्या कूपात त्याचे मूळ रुतलेले असते आणि कूपाच्या भिंतीतील प्रथिने ते आवळून धरतात. पक्षी मेल्यावरही ही पकड आपोआप सुटत नाही. त्यामुळे मांसप्रक्रिया केंद्रांत रक्त पूर्ण निथळल्यावर पक्षी गरम पाण्याच्या टाकीत बुडवले जातात. पीस स्वतः केराटिन या चिवट प्रथिनाचे असल्याने एवढ्या उष्णतेला दाद देत नाही. मात्र कूपातील प्रथिनांची घडण उष्णतेने बिघडते आणि मूळ सैल होते.

खरा प्रश्न पाणी किती गरम ठेवावे, हा आहे. साधारण ५० ते ५३ अंश सेल्सिअसच्या पाण्यात दीड ते तीन मिनिटे बुडवल्यास त्वचेवरील पातळ, पिवळसर थर शाबूत राहतो, पण पिसे, विशेषतः पंखांची आणि शेपटीची, काहीशी चिवट राहतात. ५९ ते ६४ अंशांना जेमतेम पाऊण मिनिटात पिसे सहज सुटतात. तो वरचा थर मात्र पिसांबरोबरच निघून जातो. अशी उघडी त्वचा थंड हवेच्या झोतात सुकून डागाळते, त्यामुळे हवेने गार करायच्या कोंबड्यांसाठी सौम्य तापमान बरे; उलट, पीठ लावून तळायच्या कोंबडीला हीच उघडी त्वचा सोयीची, कारण तिच्यावर पीठ चांगले धरते. तेव्हा तापमान ठरवताना पिसांइतकाच पुढच्या विक्रीचाही विचार करावा लागतो. उष्णता अति झाली, तर छातीचे मांस वरून शिजल्यासारखे पांढरट दिसते आणि पिसे काढणाऱ्या यंत्रात त्वचा फाटते.

या यंत्रात फिरत्या तबकड्यांवर किंवा पिंपांवर बसवलेली रबरी बोटे पिसे घासून ओढून काढतात. टाकीतून निघालेला पक्षी यंत्रापर्यंत पोहोचायला उशीर झाला की त्वचा गार होते आणि पकड पुन्हा घट्ट होऊ लागते. म्हणून ही दोन्ही यंत्रे लागून असतात.

बदकांच्या पिसांवर तेलकट लेप असल्याने पाणी मुळापर्यंत सहजी पोहोचत नाही. त्यासाठी पाणी अधिक गरम ठेवतात आणि त्यात पिसे भिजवणारे द्रव्य मिसळतात. तरीही कोवळी, अर्धवट फुटलेली पिसे उरतातच. मग पक्षी वितळलेल्या मेणात बुडवून लगेच गार पाण्यात घालतात आणि घट्ट झालेले मेण पिसांसकट सोलून काढतात.

टाकीचे पाणी मात्र लवकर घाण होते. पिसांवरची विष्ठा त्यात उतरते, आणि सौम्य तापमानात साल्मोनेलासारखे जिवाणू तग धरून एका पक्ष्यावरून दुसऱ्यावर जाऊ शकतात. म्हणूनच अनेक ठिकाणी एकापाठोपाठ एक टाक्या ठेवून पाणी पक्ष्यांच्या उलट दिशेने वाहवतात, जेणेकरून बाहेर पडणाऱ्या पक्ष्याला सर्वांत स्वच्छ पाणी मिळते.