विहिरीची ऊब आणि पसरणीचा चढ

पौषात भल्या पहाटे आमच्या वाईजवळच्या मळ्यातल्या विहिरीवर वाफ तरंगताना दिसते. यंदा स्वीडनहून आलेल्या भाच्याला दाखवायचं म्हणून मी तापमापक दोरीला बांधून खाली सोडला. बाहेरची हवा होती १३ अंश, पाणी निघालं २४ अंश. थारोळ्यात हात बुडवून भाचा म्हणाला, "मामा, तिकडे आम्ही याच उबेवर घरं तापवतो. घराशेजारी शंभर-दीडशे मीटरचं बोअर मारतात. थोरल्या मामांच्या लॉजला हे का नको?"

थोरले मामा म्हणजे आमचे दादा. त्यांचं पाचगणीत बारा खोल्यांचं लॉज आहे, आणि आंघोळीचं पाणी तापवता तापवता लाईटबिल कुठल्या कुठे जातं हे आम्ही दर दिवाळीला ऐकतो. त्यातच दादांना इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची होती आणि वहिनींचा तिला विरोध होता. "घाटात बंद पडली तर ढकलणार कोण?" न्याहारीला सुरू झालेलं बोलणं जेवणापर्यंत चाललं. शेवटी मी वही काढली.

आधी ती ऊब येते कुठून ते बघू. उन्हाळ्याची धग आणि हिवाळ्याचा गारवा जमिनीत फार हळू मुरतो. साधारण दहा मीटर खाली गेलं की ऋतूंचा फरक जवळजवळ पुसला जातो आणि उरते ती त्या गावाची वर्षभराची सरासरी. वाईत ती पंचविशीच्या जवळपास. म्हणून विहिरीचं पाणी थंडीत कोमट लागतं आणि वैशाखात गार. विहीर आहे तशीच असते, बदलते ती आपली कातडी ज्या हवेतून येते ती हवा. या उबेचा पृथ्वीच्या पोटातल्या आगीशी फारसा संबंध नाही. ती बहुतेक सूर्याचीच, जमिनीत साठून राहिलेली.

पोटातली उष्णता हे वेगळं प्रकरण आहे. आइसलँडमध्ये ज्वालामुखींमुळे ती वरच आहे, तिथे दहातली नऊ घरं जमिनीतल्या गरम पाण्यावर तापतात. आपल्याकडे सह्याद्री उतरून कोकणात गेलं की उन्हवरे, तुरळ, राजवाडी इथे गरम पाण्याचे झरे आहेत. पावसाचं पाणी भेगांमधून खूप खोल जातं, तापतं आणि झटकन वर येतं. पण घाटमाथ्यावर काय? याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात खोदून काढलेलं आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाचं मूळ शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी कोयना परिसरात ३ किलोमीटर खोल छिद्र पाडलं. या कामाची प्रयोगशाळा कराडला आहे. वरचा सुमारे सव्वा किलोमीटर काळा पाषाण, आणि त्याखाली अब्जावधी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइट. असा जुना, शांत खडक खोलीबरोबर फार तापत नाही. किलोमीटरमागे पंधरा-वीस अंशांची वाढ धरायची. म्हणजे पाणी उकळायला चार-पाच किलोमीटर खाली जावं लागेल. दादांच्या लॉजसाठी तो मार्ग बंदच आहे.

भाचा ज्याबद्दल बोलत होता तो हीट पंप. तो फ्रीजसारखाच चालतो. फ्रीज आतली उष्णता उचलून मागच्या जाळीवर टाकतो, हीट पंप हवेतली किंवा जमिनीतली उष्णता उचलून पाण्यात टाकतो. गीझर विजेची उष्णता करतो, त्यामुळे एका युनिटातून एका युनिटाचीच उष्णता मिळते. हीट पंप विजेचा उपयोग फक्त उष्णता वाहून आणायला करतो, म्हणून एका युनिटात तीन युनिटांची उष्णता सहज पदरात पडते. यात जादू काही नाही, दोन युनिटं बाहेरून आलेली असतात. मला हे यंत्र मनापासून आवडतं, आणि आपल्याकडे त्याची इतकी कमी चर्चा का होते हे कळत नाही.

आता लॉजचा हिशोब. एका युनिट विजेत ८६० किलोकॅलरी असतात, म्हणजे ४३ लिटर पाणी २० अंशांनी तापतं. लॉजला भरल्या दिवशी हजार लिटर गरम पाणी लागतं. ते २० अंशांवरून ५५ अंशांवर न्यायचं तर ३५,००० किलोकॅलरी, म्हणजे गीझरला ४१ युनिटं. हीट पंपाला १४. रोज २७ युनिटं वाचली. व्यावसायिक दर १२ रुपये धरला तर ३२४ रुपये, आणि वर्षात दोनशे दिवस लॉज भरलं तर ६५,००० च्या घरात. अडीच लाखांचं यंत्र धरलं तरी चार वर्षांत पैसे वसूल. सोलर का नको, असं वहिनींनी विचारलं. सोलर स्वस्त आहेच. पण पाचगणीत जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढगच खाली उतरलेले असतात, आणि पावसाळी पर्यटक नेमका तेव्हाच गरम पाणी मागतो. हीट पंपाला उलट दमट हवा मानवते, कारण हवेतल्या बाष्पाचं पाणी होताना तीही उष्णता त्याला मिळते.

मग बोअर? भाच्याच्या गावी जानेवारीत बाहेर उणे १५ असतं आणि बोअरच्या तळाशी पाच-सात अंश. तिथे जमीन हवेपेक्षा वीस अंशांनी उबदार, शिवाय सहा महिने अख्खं घर तापवायचं. तिथे बोअर सोन्याचं. पाचगणीत जमीन विशीच्या आसपास आणि दुपारची हवा बऱ्याचदा पंचवीस. यंत्र दुपारी चालवून टाकी भरून ठेवली, तर जमिनीपेक्षा हवाच गरम! पहाटेची तुलना धरून जमिनीला झुकतं माप दिलं आणि तीनाऐवजी साडेतीन युनिटांची उष्णता मिळते असं मानलं, तरी रोजची दोनच युनिटं जास्त वाचतात. वर्षाला ४,८०० रुपये. त्यासाठी काळ्या पाषाणात सव्वादोनशे फूट बोअर, त्यात नळी आणि नळीभोवती भराव करायचा, म्हणजे खर्च लाखाच्या पुढे. वीस वर्षांनी कुठे ते फिटणार. भाच्याने वही ओढून आकडे पुन्हा मांडून पाहिले आणि मान डोलावली.

स्कूटरचा वाद जास्त तापला, कारण तिथे भीती होती. वाई ते पाचगणी बारा किलोमीटर, आणि पसरणी घाटात चढ सुमारे साडेपाचशे मीटर. स्कूटर आणि दोन माणसं मिळून २५० किलो धरू. एवढं वजन तितकं वर न्यायला लागणारी ऊर्जा शाळेतल्या सूत्राने काढता येते: २५० गुणिले ९.८ गुणिले ५५०. उत्तर साडेतेरा लाख ज्यूल, म्हणजे ०.३७ युनिट. मोटर-कंट्रोलरमधली गळती धरून ०.४४. सपाटीवर बारा किलोमीटरला जे ०.३६ लागलं असतं ते मिळवलं की एकूण ०.८. तीन युनिटांच्या बॅटरीतून पावपेक्षा जरा जास्त. वहिनींना मी एवढंच सांगितलं, की वाईहून निघताना बॅटरी निम्मी असली तरी पाचगणी येते.

उतरताना मोटर जनरेटर होते आणि थोडी वीज परत बॅटरीत जाते. पण लॉजवर रात्रभर लावून बॅटरी काठोकाठ भरली असेल, तर ती परतीची वीज घ्यायला जागाच नसते, आणि घाटभर सगळा भार ब्रेकवर येतो. वर राहणाऱ्याने थोडी रिकामी ठेवूनच खाली निघावं. विकणारे हे सांगत नाहीत, त्यांनी सांगायला हवं.

पैशांचं बोलायचं तर पेट्रोल १०५ रुपये आणि लिटरला ४५ किलोमीटर धरले, तर किलोमीटरला २ रुपये ३३ पैसे. विजेवर ४० पैशांच्या आसपास. प्रत्येक किलोमीटरला १ रुपया ९० पैसे वाचले. इलेक्ट्रिक गाडी ३०,००० रुपयांनी महाग पडते असं धरू. दादा फक्त आठवडी बाजारादिवशी वाईला उतरतात. वर्षाला १,२५० किलोमीटर, वाचले २,३७५ रुपये. फिटायला बारा वर्षांहून जास्त. आणि लिथियम बॅटरी नुसती उभी राहूनही म्हातारी होते, उन्हात उभी राहिली तर लवकर. कमी फिरणाऱ्याची गाडी पैसे फिटायच्या आधीच बॅटरी मागू शकते. बॅटरी दिवसेंदिवस स्वस्त होते आहे हे खरंच. जगभराची सरासरी किंमत २०१० मध्ये किलोवॅट-अवरला, म्हणजे एका युनिटाच्या बॅटरीला, हजार डॉलरच्या वर होती, २०२४ मध्ये ११५ डॉलर झाली. पण दादांच्या बारा वर्षांवर तो उतारा नव्हे.

"पण वीज तर कोळशाचीच ना?" भाच्याचा हा प्रश्न रास्त होता. देशाच्या सरासरी विजेत युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. वाई-पाचगणी जाऊन-येऊन (उतरताना वीज जवळजवळ लागत नाही, म्हणून तेच ०.८ युनिट) होतो ५६० ग्रॅमच्या आसपास, तारांमधली गळती धरली तर थोडा वाढतो. पेट्रोलला त्याच फेरीत १,२०० ग्रॅम. निम्म्यावर आला, शून्यावर नाही. कोयनेचं पाणी आणि चाळकेवाडीच्या पवनचक्क्या आहेतच, पण आपल्या प्लगात कुठली वीज आली हे तारेला विचारता येत नाही.

मोठ्या गाडीवर आम्ही फार वेळ घालवला नाही. महामार्गावर वेग ८० वरून १०० वर नेला की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो आणि पल्ला आखडतो. रस्त्यावरचं वेगवान चार्जिंगही घरच्या विजेपेक्षा बरंच महाग असतं. रोज पुण्याला जाणाऱ्याने तो हिशोब वेगळा मांडावा.

जेवणं झाल्यावर दादा म्हणाले, "मग मी घेऊ नको?" त्यांच्या लॉजवर एक पोरगा रोज सकाळी वाईच्या मंडईत भाजी आणायला उतरतो. पंचवीस किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस. ७,५०० किलोमीटर, १४,००० रुपयांच्या वर बचत, दोन-सव्वादोन वर्षांत फरक फिटला. गाडी त्याच्यासाठी घ्यायची ठरली. पंधरा अँपिअरचा प्लग आणि नीट अर्थिंग आधी, गाडी मागाहून, ही अट वहिनींनी घातली आणि ती अगदी योग्य होती.

हीट पंप स्वयंपाकघरामागच्या पडवीत बसेल. त्यातून बाहेर पडणारी गार हवा भाजीच्या कोठीत सोडता येते, हे भाच्याने जाता जाता सुचवलं. दादांनी टेप आणून कोठीची भिंत लगेच मोजायला घेतली.